लिनक्स कर्नेलमधली पॉवर मॅनेजमेंटची टूल्स सांभाळणं म्हणजे नेमकं काय काम असतं? नवख्याला त्यात शिरता येतं का?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, सी बऱ्यापैकी येतं, कर्नेलचा (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा) सोर्स कोड चाळताना 'टूल्स' फोल्डरच्या आत 'पॉवर' नावाचा फोल्डर दिसला आणि प्रश्न पडला की हे सांभाळणारी माणसं दिवसभर करतात तरी काय.

आधीच सांगतो, मी मेंटेनर नाही, म्हणजे कोणता बदल घ्यायचा ते ठरवून हा कोड सांभाळणारा माणूस नाही. पुण्यात नोकरी करतो आणि गेली काही वर्षं रात्री जेवण झाल्यावर या फोल्डरमध्ये लुडबुड करतो. थोडे पॅच (कोडमध्ये सुचवलेले बदल) पाठवले, त्यातले थोडे लागले, बरेच परत आले. तेव्हा हे उत्तर उंबऱ्यावर बसलेल्या माणसाचं आहे असं समजा. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाकायची.

त्या फोल्डरमध्ये मुख्य गिऱ्हाइकं तीन. पहिलं सीपीयूपॉवर: प्रोसेसर किती वेगाने पळतोय, कोणत्या धोरणाने पळतोय, रिकामा असताना किती खोल झोपतोय, हे दाखवणारं आणि बदलणारं. हे पूर्वी सीपीयूफ्रेकयुटिल्स नावाने बाहेर वेगळं नांदत होतं, 2011 मध्ये 3.1 आवृत्तीत कर्नेलच्या घरात आलं. दुसरं टर्बोस्टॅट, इंटेलच्या लेन ब्राउन यांचं, प्रोसेसरचा वेग, झोप आणि ऊर्जेचा खर्च सतत छापत राहणारं. आवृत्तीचा क्रमांक म्हणून चक्क तारीख लावणारं. तिसरं पीएम-ग्राफ, म्हणजे मशीन झोपताना आणि उठताना कोणत्या ड्रायव्हरने किती मिलिसेकंद खाल्ले त्याचा आलेख काढणारं. बाकी एसीपीआय (फर्मवेअर आणि कर्नेल यांच्यातला पॉवरचा ठरलेला करार) वगैरेंची किरकोळ मंडळी आहेत.

आता काम काय? तुम्हाला वाटत असेल की नवी फीचर्स लिहिणं. तसं फार थोडं असतं. ही टूल्स शेवटी आकडे दाखवतात, आणि आकडा खोटा निघाला तर त्यावर बेतलेले सगळे निर्णय चुकतात. म्हणून बहुतेक वेळ जातो तो 'हा आकडा खरा आहे का, आणि वाचणाऱ्याला तो बरोबर कळेल का' यात.

माझंच उदाहरण देतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ऊर्जेचा एक काटा असतो. कर्नेल तो 'एनर्जी_यूजे' नावाच्या फाइलमधून मायक्रोज्यूलमध्ये दाखवतो. दोनदा वाचा, वजाबाकी करा, मधल्या सेकंदांनी भागा, झाले वॅट. मी एका रात्री लॅपटॉपवर हलकं काम चालू ठेवून आठ तासांचं मोजमाप लावलं. सकाळी सरासरी आली 5.9 वॅट. इतका खूश झालो की चहा होईपर्यंत दोन मित्रांना फोन केले. प्रत्यक्षात प्रोसेसर 15 वॅट खात होता. झालं असं की शेजारीच 'मॅक्स_एनर्जी_रेंज_यूजे' नावाची फाइल असते, तिच्यात माझ्या मशीनवर 262143328850 असा आकडा होता, म्हणजे सुमारे 2 लाख 62 हजार ज्यूल. काटा तिथवर गेला की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा पुन्हा शून्यावर येतो. 15 वॅटने ते पाच तास व्हायच्या आतच होतं. आठ तासांत खर्च झाले 4 लाख 32 हजार ज्यूल, एक पूर्ण फेरी गायब झाली, उरलेल्या 1 लाख 69 हजारांना मी भागत बसलो. आकडा उणे आला असता तर लगेच शंका आली असती. हा आला शहाण्यासारखा, पटण्याजोगा. असे आकडे पकडणं हे या कामातलं खरं दुखणं. सर्व्हरवर तर काटा अर्ध्या तासात फिरतो, म्हणून टूलला मधूनमधून स्वतःच डोकावून बेरीज ठेवावी लागते.

एककांचाही घोळ आहेच. वेग किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे 2400000 दिसलं तर ते 2.4 गिगाहर्ट्झ. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात. बॅटरीचा खर्च मायक्रोवॅटमध्ये, पण तोही काही लॅपटॉप देतच नाहीत. फक्त करंट आणि व्होल्टेज देतात, गुणाकार आपण करायचा.

दुसरा मोठा भाग म्हणजे शब्दांचे गैरसमज. 'गव्हर्नर' हा शब्द घ्या. माझ्या वडिलांना मी एकदा सांगितलं की मी गव्हर्नरवर काम करतोय, तर ते म्हणाले, राज्यपालांकडे तुझं काय काम? हा गव्हर्नर म्हणजे शेतावरच्या डिझेल इंजिनाला असतो तो. लोड वाढला की तेल वाढवायचं, उतरला की कमी करायचं. इथे तेलाच्या जागी प्रोसेसरचा वेग. वडिलांना हे लगेच कळलं, उलट माझ्या ऑफिसातल्यांना समजवायला जास्त वेळ लागला. तर लोक नियमाने एक तक्रार करतात: गव्हर्नर 'पॉवरसेव्ह' ठेवलाय, तरी प्रोसेसर चार गिगाहर्ट्झवर कसा? टूल बिघडलंय. टूल बिघडलेलं नसतं. कर्नेलमधला मूळचा पॉवरसेव्ह प्रोसेसरला सगळ्यात खालच्या वेगावर बांधून ठेवतो. पण 2013 मध्ये 3.9 आवृत्तीत इंटेल_पीस्टेट नावाचा ड्रायव्हर आला, त्याने स्वतःचा पॉवरसेव्ह आणला, आणि तो लोड बघून वेग वरखाली करतो. नाव तेच, वागणं वेगळं. हे नाव आता बदलता येत नाही, कारण जगभरच्या स्क्रिप्ट त्या शब्दावर उभ्या आहेत आणि वापरणाऱ्यांचं चालू असलेलं मोडायचं नाही हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा नियम सगळ्यांना पाठ आहे. मग हातात उरतं काय, तर मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) नीट लिहिणं आणि तीच तक्रार विसाव्यांदा आली तरी न चिडता तेच उत्तर देणं. मला हे दुसरं अजून जमलेलं नाही.

माझा पहिला खरा पॅच कसा परत आला तेही सांगतो, कारण तुम्ही हीच चूक करणार. काही कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्र भाग, कर्नेल त्यांना सीपीयू 0, सीपीयू 1 असे मोजतो) बंद केलेले असताना टूल त्यांचीही माहिती मागायला जायचं आणि नुसती एररची रांग छापायचं. प्रत्येक सीपीयूच्या फोल्डरात 'ऑनलाइन' नावाची फाइल असते, तिच्यात 1 किंवा 0. मी कोड लिहिला: फाइल उघडून बघा, 1 नसेल किंवा फाइलच नसेल तर तो सीपीयू बंद समजून सोडून द्या. शेवटचे चार कोअर बंद करून पाहिलं, एरर गेल्या, पॅच पाठवला. दोन दिवसांनी एका अनोळखी माणसाचं एका ओळीचं उत्तर आलं: सीपीयू शून्य कुठे गेला?

मी टर्मिनल उघडलं. यादी सीपीयू 1 पासून सुरू होत होती. एक्स86 वर (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर) सीपीयू शून्य सहसा बंद करताच येत नाही, म्हणून त्याच्या फोल्डरात 'ऑनलाइन' फाइलच नसते. जो कधीच झोपत नाही त्यालाच मी मेलेला ठरवला होता. आणि हे माझ्याच स्क्रीनवर, पहिल्याच ओळीत दिसत होतं. माझी नजर शेवटच्या चार ओळींवर होती. फाइल नसेल तर सीपीयू चालू समजायचा, एवढा एका ओळीचा बदल. पॅच तिसऱ्या खेपेला लागला.

पण मेंटेनरचं काम यापेक्षा कठीण, कारण त्यांच्यापुढे जे येतं त्यातलं निम्मं हार्डवेअर त्यांच्या टेबलावर नसतं. प्रोसेसरची नवी पिढी आली की कोणते रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले माहितीचे कप्पे) आहेत, कोणते गेले, ऊर्जेचं एकक कोणतं, हे टर्बोस्टॅटला शिकवावं लागतं. पूर्वी त्यात मॉडेलगणिक 'हे असेल तर ते' अशी जत्रा भरलेली होती. 2023 मध्ये झांग रुई यांनी ते आवरून प्रत्येक पिढीच्या गुणांचं कोष्टक केलं. असले आवराआवरीचे पॅच दिसायला कंटाळवाणे, पण पुढची दहा वर्षं तेच तारतात.

मध्येच सुरक्षेची बाजू येते. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या आणि इतर काही संशोधकांनी 'प्लॅटिपस' नावाचा हल्ला दाखवला: तो ऊर्जेचा काटा बारकाईने वाचत राहिलं तर माहिती कुलूपबंद करणाऱ्या गुप्त चाव्यांचा (एन्क्रिप्शन कीजचा) माग काढता येतो. त्यानंतर कर्नेलने ती फाइल फक्त रूटला (मशीनवर सगळे अधिकार असलेल्या यूजरला) वाचता येईल अशी केली. एका दिवसात कित्येकांचे बॅटरी-मीटर गप्प झाले आणि शिव्या टूलवाल्यांनी खाल्ल्या. त्याच वर्षी यूजरच्या बाजूने प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये परस्पर लिहिलं की कर्नेल लॉगमध्ये इशारा द्यायला लागला, आणि ही टूल्सही हळूहळू कर्नेलने दिलेल्या अधिकृत फाइलींकडे वळवावी लागली.

पॅच पोचतो कसा, हे थोडक्यात. मेंटेनर्स नावाच्या फाइलीत कोणाचं काय ते लिहिलेलं असतं. सीपीयूपॉवरसाठी तिथे थॉमस रेनिंगर आणि शुआ खान ही नावं सापडतील. तुमचा पॅच साध्या मजकुराच्या ईमेलने जातो. तो पटला तर त्यांच्या झाडात (त्यांच्याकडच्या सोर्सच्या प्रतीत), तिथून राफाएल विसोत्स्की यांच्या पॉवर मॅनेजमेंटच्या झाडात, आणि मग मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल आत घ्यायची खिडकी, उघडली की टॉरवाल्ड्स यांच्याकडे. ही खिडकी दोन आठवडे उघडी, नंतर सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या. खिडकी उघडायच्या आदल्या दिवशी नवं फीचर पाठवलंत तर उत्तर येणार नाही. त्याचा राग मानू नका, गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी शिंप्याकडे कापड टाकण्यासारखं आहे ते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. शिरता येतं, आणि इथे कर्नेलच्या इतर भागांपेक्षा सोपं आहे, कारण ही टूल्स तपासायला अख्खा कर्नेल बिल्ड करावा लागत नाही. सोर्स उतरवा, सीपीयूपॉवरच्या फोल्डरात जाऊन मेक चालवा, एकदोन मिनिटांत तुमची स्वतःची प्रत तयार. मग तिला छळा. काही कोअर बंद करा, हायपरथ्रेडिंग बंद करा, व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा, जिथे वेगाच्या अर्ध्या फाइली नसतातच. रूट नसताना चालवा आणि एरर वाचून काही बोध होतो का ते पाहा. मॅन पेजमध्ये लिहिलेला प्रत्येक पर्याय खरंच तसा वागतो का ते तपासा. माझ्या अनुभवात नवख्यांचे लागलेले पॅच बहुतेक इथूनच येतात. स्पेस आणि टॅब नीट करणारे पॅच मात्र पाठवू नका. ते पाठवणाऱ्यांची आधीच रांग आहे. शिस्तीत शिकायचं असेल तर लिनक्स फाउंडेशनची कर्नेल बग फिक्सिंगची मेंटरशिप आहे, तिच्याकडे बघा.

सीपीयूपॉवरच्या फोल्डरात भाषांतरांचा एक कोपरा आहे: जर्मन, फ्रेंच, इटालियन, चेक, पोर्तुगीज वगैरे. मराठी नाही. मी एकदा बसलो होतो करायला. 'आयडल स्टेट'ला 'निवांत अवस्था' सुचलं आणि बरं वाटलं, 'गव्हर्नर'पाशी अडलो तो अजून अडलेलाच आहे. राज्यपाल लिहायचं धाडस होत नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. बॅटरीवरची मापं चार्जर काढल्याशिवाय खरी येत नाहीत, आणि घरी बसून चार्जर काढायचा आळस होतो. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, तेव्हा माझी बॅटरीची टेस्टिंग गुरुवारी सकाळी होते. पॅचसोबत तेही लिहा: कोणता प्रोसेसर, कोणती कर्नेल आवृत्ती, चार्जर होता की नव्हता. सीपीयू शून्य दिसतोय हेही एकदा बघून घ्या.