बोटुकली नेताना पाण्यात लवंगाचं तेल टाकू का?

भाऊ, तुम्ही विचारलं की भंडाऱ्याकडून गडचिरोलीला बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची माशाची पिल्लं, नेताना तीन-चार तास लागतात, दर वेळी थोडी मरतेच, तर लवंगाच्या तेलानं ती शांत राहील का. राहते. पण तेल थेंब मोजून टाकायचं, अन् त्याआधी बाकीचं नीट पाहिजे. माझी माशांच्या पिल्लांची नर्सरी मामा तलावाच्या (माजी मालगुजारी तलावाच्या) खालीच आहे, रोहू कटला मिरगळ या माशांची पिल्लं काढतो, त्यामुळे हे स्वतः पाहिलंय.

तेलातलं युजेनॉल काम करतं, दाढ दुखली की आपण कापसावर लावतो तेच. माशाच्या कल्ल्यातून ते सरळ रक्तात जातं. थोडं असलं तर मासा नुसता सुस्त होतो, धडपड कमी, म्हणून ऑक्सिजन कमी लागतो अन् अमोनियाही कमी सुटतो. जास्त झालं की तोल जातो, मासा उलटा होतो अन् मंग कल्ले हलणंच थांबतं. पिशवीत असं झालं तर सगळी पिल्लं तळाला एकमेकांवर पडून गुदमरतात, त्यामुळे गाडीत नेताना झोपवायचं नसतंच, फक्त शांत करायचं.

बोटुकलीला मी 100 लिटर पाण्याला अर्धा मिली धरतो. ब्रूडर, म्हणजे अंड्यांसाठी ठेवलेल्या मोठ्या कटल्याचं वेगळं, चार-पाच किलोची मादी हार्मोनचं इंजेक्शन देताना अशी उसळते की खवले निघतात अन् मंग तिथंच बुरशी धरते, तिला मी 100 लिटरला 4 ते 5 मिलीच्या पाण्यात ठेवतो, आडवी झाली की लगेच काम उरकून स्वच्छ, हवा सोडलेल्या पाण्यात. तिथं कल्ले नीट हलेपर्यंत बाजूला बसून राहायचं.

तेल पाण्यात विरघळत नाही हे मी पहिल्या वर्षी शिकलो. सरळ टाकीत ओतलं, वर तवंग आला, त्या कोपऱ्यातली पिल्लं गेली अन् बाकीची तशीच उड्या मारत होती. त्यांचं मला अजून वाईट वाटतं. आता छोट्या बाटलीत कोमट पाणी अन् तेल घेऊन दुधासारखं पांढरं होईस्तोवर जोरात हलवतो, मंग टाकीत सगळीकडे पसरवतो. तेल शुद्ध पाहिजे, दुसरं तेल मिसळलेलं असलं तर हे मोजमाप काहीच कामाचं नाही. पाणी गरम असलं की असर लवकर होतो, म्हणून प्रत्येक वेळी त्याच पाण्यात आधी दहा पिल्लं बादलीत ठेवून अर्धा तास बघा.

ब्राझीलमध्ये लिपिया अल्बा नावाच्या झुडपाचं तेल कॅटफिशवर वापरून पाहिलंय, ते आपल्या घाणेरीच्याच कुळातलं. पण म्हणून घाणेरी उकळून टाकू नका हं, ती विषारी आहे.

खरं सांगू का, तुमची मर बहुतेक भरल्या पोटामुळे होत असंन. आदल्या दिवशी हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) ठेवून खाद्य बंद करा, नाहीतर सगळी घाण पिशवीतच होते. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. गाडी रात्री किंवा पहाटे काढा. पोहोचल्यावर पिशवी बोडीत (छोट्या तळ्यात) वीसेक मिनिटं तरंगत ठेवूनच सोडा. एवढं करूनही मर थांबली नाही तरच तेलाकडे या.

अन् एक, बाजारात खायला जाणाऱ्या माशाला हे लावू नका. अमेरिकेत एफडीएनं (तिथल्या अन्न अन् औषध खात्यानं) खायच्या माशासाठी लवंग तेलाला मंजुरी दिलेली नाही, मीही फक्त बीज (पिल्लं) अन् ब्रूडरलाच वापरतो.