सप्टेंबरमध्ये ठाण्याजवळ रानफुलं आणि वन्यजीव बघायला कुठे जावं? दुर्बीण कोणती घ्यावी?

येऊरला जा, कासपर्यंत धावायची गरज नाही. एवढंच लिहिणार होते, पण तुम्ही 'वन्यजीव' म्हटलंत आणि आमच्या भाऊजींच्या मते वन्यजीव म्हणजे फक्त बिबट्या, बाकी सगळं गवत. त्यावरून आमचं चांगलंच वाजलंय.

गौरी बसायच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे येऊरला गेलो होतो. वाटेच्या कडेने तेरडा नुसता गुलाबी, मध्येमध्ये कुर्डू, झुडपावर चढलेली कळलावी. एका तेरड्यावर हॉक मॉथ या पतंगाची अळी होती, काळी, बोटाएवढी, अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग, आणि चालताना शेपटीवरची काडी पुढेमागे हलवायची. मी बसून बघत होते, तिने अर्धं पान संपवलं आणि तेवढ्यात भाऊजींनी येऊन गौरीसाठी म्हणून तेच झाड मुळासकट उपटलं. अळी खाली पडली. मी म्हटलं, अहो हे नॅशनल पार्क आहे, इथलं पानसुद्धा तोडायचं नसतं. तर म्हणे, "वहिनी, गवतच तर आहे, आणि आपली परंपरा आहे." अहो, माझ्या माहेरीही तेरड्याचीच गौर असते, पण आजी परसातला तेरडा घ्यायची! अळी मी पानावर उचलून दुसऱ्या तेरड्यावर ठेवली, तिचं खाणं तिथे होतं.

तर एका झाडापाशी वीस मिनिटं बसा. भराभर चालणाऱ्याला काहीही दिसत नाही. जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याचं पिवळसर चमकणारं जाळं दिसलं तर थांबा, मधोमध हाताच्या पंजाएवढी मादी असते आणि तिथेच कडेला तांदळाच्या दाण्याएवढा नर. कारवी हे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतं, येऊरला २०१६ मध्ये फुललं होतं, त्याची वाट बघत मधले पावसाळे घालवू नका.

दुर्बीण फुलांना लागत नाही. पक्षी बघायचे असतील तर मात्र ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. आणि हो, झुडपात हात घालू नका, पावसाळ्यात चापडा हा हिरवा साप हिरव्या फांदीवर बसलेला असतो आणि तो विषारी आहे. अंधार पडायच्या आत परत फिरा, बिबटे आहेतच.

गौरीला तेरडा हवा असेल तर जूनच्या सुरुवातीला कुंडीत बी टाका, गौरीपर्यंत फुलतो. भाऊजींना हे मी तेव्हाच सांगितलं होतं, बियाही दिल्या होत्या.