बीसीएएचा डबा घेऊ का?

प्रश्न: ताई, धरमपेठेत जिमला जातो, ४ महिने झाले. ट्रेनर म्हणतो स्नायूंसाठी बीसीएए पावडर सुरू कर, डबा अडीच हजाराचा. बाबांना शुगर आहे म्हणून आई म्हणते तुझी किडनी जाईल. काय करू?

उत्तर: अरे भाऊ, आधी डब्यात काय आहे ते तर बघ. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, बस ही तीन अमिनो अ‍ॅसिडं, म्हणजे ज्यांपासून प्रोटीन बनतं ते घटक. शरीराला खाण्यातूनच घ्यावी लागणारी अमिनो अ‍ॅसिडं ९, आणि स्नायू बनायला सगळी लागतात, नुसती ३ टाकली म्हणजे विटा आणल्या अन् सिमेंट-रेतीचा पत्ताच नाही असं होतं. ल्युसिन स्नायूंना कामाला लावतं हे खरं, पण ते दूध-अंडी-डाळीतही असतंच की. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, ५० ग्रॅम सुक्या सोयावडीत साधारण २५. सकाळच्या तर्री पोह्यासोबत दोन उकडलेली अंडी खा, अडीच हजार खिशात!

आईची भीती अगदीच फोल नाही हं. किडनी चांगली असेल तर लेबलवरच्या मापात सहसा काही होत नाही, कोणाचं पोट बिघडतं एवढंच. पण किडनी-लिव्हरचा त्रास असेल किंवा पार्किन्सनच्या आजारावरचं लेव्होडोपा हे औषध सुरू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. तू एकदा क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) आणि शुगर तपासून घे. तरी घ्यायचंच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, १४ आकडी नंबर बघ, ट्रेनरने पुडीत बांधून दिलेली सुटी पावडर अजिबात नको.