सोया पेप्टाइडच्या पावडरने सततचा थकवा जातो का? नागपुरात दुकानदार 'प्रयोगात सिद्ध झालंय' म्हणतो

सिद्ध झालंय ते बहुतांशी उंदरांवर, माणसांबद्दल तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही, म्हणून त्या डब्यावर आत्ताच पैसे घालू नका. मी फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. या प्रयोगांत उंदराच्या शेपटीला त्याच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भार बांधून त्याला पाण्यात सोडतात आणि किती वेळ पोहतो ते मोजतात. सोयाबीन, मका, अक्रोड यांच्या प्रथिनांचे विकरांनी (एन्झाइमनी) केलेले बारीक तुकडे, म्हणजे हेच पेप्टाइड, दिलेले उंदीर जास्त वेळ तग धरतात. त्यांच्या रक्तात लॅक्टेट आणि युरिया, म्हणजे दमल्यावर वाढणारे पदार्थ, कमी सापडतात, यकृतात ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, जास्त उरतं. निष्कर्ष खोटे नाहीत. पण तुलनेतले उंदीर पुष्कळदा नुसत्या पाण्यावर असतात. मग गुण पेप्टाइडचा की जादा प्रथिनाचा, हे कसं ठरवणार? शिवाय ती पोहून आलेली दमणूक, तुमच्यासारखा महिनोन्महिन्यांचा थकवा नव्हे. त्यासाठी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ आणि साखर तपासा. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण बरंच आहे, तीही चाचणी करून घ्याच. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत दाखवलंत तरी चालेल.