दोन आय-लिंक सॉकेट दिसली तरी वायर एकच लावा

तुमची अडचण मला समजली ती अशी: जुना एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीहून बारीक ध्वनिमुद्रणाची डिस्क) प्लेअर आणि त्याच काळातला सराउंड रिसीव्हर (भोवतीचे सगळे स्पीकर चालवणारं यंत्र) हाती आलाय. दोघांच्याही पाठीमागे 'आय-लिंक' (डिजिटल डेटा नेणारी एक जोडणी) लिहिलेली दोन-दोन बारकी सॉकेटं आहेत. दोन वायरी लावल्या तरी आवाज नाही, ऑप्टिकल (डिजिटल आवाज प्रकाशाने नेणाऱ्या) वायरीवर मात्र तीच डिस्क छान वाजते. मग आय-लिंकच्या नादी लागायचं की नाही?

आधी त्या दोन वायरींतली एक काढा. हसू नका, मीही हेच केलं होतं. ऑडिओवाल्याच्या सवयीने वाटलं, सॉकेट दोन आहेत म्हणजे एक 'इन' आणि एक 'आउट' असणार. अख्खी संध्याकाळ रॅक पुढे ओढून, दातांत टॉर्च धरून वायरींची अदलाबदल करत बसलो. आय-लिंकमध्ये इन-आउट हा प्रकारच नाही. एकाच वायरीतून डेटा दोन्ही दिशांनी जातो, आणि दुसरं सॉकेट असतं ते पुढचं यंत्र माळेत ओवण्यासाठी. माळ चालते, पण तिची टोकं जोडून कडं केलेलं या जुन्या यंत्रांना चालत नाही. दोन यंत्रांमध्ये दोन वायरी लावल्या की नेमकं कडंच होतं. एक वायर उपसल्यावर दोन-चार सेकंदांत डिस्प्लेवर प्लेअरचं नाव उमटलं, तेव्हा स्वतःची कीव आली.

ही आय-लिंक म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांची फायरवायरच. १९९५ चं आयईईई १३९४ हे मानक, त्याला सोनीने दिलेलं हे नाव. तुमच्याकडच्या यंत्रांच्या काळात तिचा वेग सेकंदाला ४०० मेगाबिटपर्यंत. एसएसीडीच्या एका चॅनेलला सेकंदाला २८,२२,४०० बिट लागतात, सहा चॅनेल धरले तर जेमतेम १७ मेगाबिट. म्हणजे वायरीला घामही फुटत नाही. त्यामुळे 'भारीतली वायर घेऊ का' याचं उत्तर नाही असंच. कॅमकॉर्डरबरोबर आलेली, दोन्ही टोकांना ४ पिनांचं प्लग असलेली साधी वायर पुरते. लांबी साडेचार मीटरच्या आत ठेवा आणि प्लग पूर्ण आत बसलंय ना ते बोटाने चाचपून बघा. ही ४ पिनांची प्लगं फार नाजूक, मागून धक्का लागला की सैल होतात. वायर सरळ भिंतीकडे न ताणता थोडी ढिली सोडा.

आता ऑप्टिकलवर 'तीच डिस्क वाजते' याबद्दल. वाजते ती डिस्क, एसएसीडी नव्हे. बहुतेक एसएसीडी दुपदरी असतात: एक पदर साध्या सीडीचा, दुसरा एसएसीडीचा. ऑप्टिकलमधून प्लेअर एसएसीडीचा पदर बाहेर सोडतच नाही, तुम्ही ऐकताय तो ४४.१ किलोहर्ट्झचा सीडीचा पदर. प्लेअरच्या डिस्प्लेवर कुठला पदर निवडलाय ते बघा, लगेच उलगडा होईल.

आय-लिंकवर एसएसीडी सोडण्याआधी दोन्ही यंत्रं एकमेकांची ओळख पटवतात, कारण डेटा कुलूपबंद करून पाठवला जातो. डीटीसीपी म्हणतात त्याला. ओळख पटली नाही किंवा रिसीव्हरला ही भाषाच येत नसली तर सीडी वाजेल आणि एसएसीडीला शांतता. सॉकेटचा आकार जुळला म्हणजे भाषा जुळली असं नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. कॅमकॉर्डरचं सॉकेटही असंच दिसतं, पण तो व्हिडिओची डीव्ही भाषा बोलतो, रिसीव्हरला त्यातलं काही कळत नाही. कॉम्प्युटरचीही तीच गत.

एवढा खटाटोप कशासाठी? माझ्या मते खरा फायदा बास आणि अंतराच्या सेटिंगचा. एसएसीडी सहा आरसीए वायरींनी (दर चॅनेलला एक साधी अ‍ॅनालॉग वायर) जोडली की बरेच रिसीव्हर तो सिग्नल जसाच्या तसा पुढे ढकलतात. मग छोट्या सराउंड स्पीकरकडेही पूर्ण बास जातो. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे मागचा स्पीकर एक मीटर जवळ असला तर त्याचा आवाज जवळपास ३ मिलिसेकंद आधी येतो, आणि तो सावरायला कोणी नसतं. आय-लिंकने डेटा डिजिटल रूपातच पोचतो, त्यामुळे रिसीव्हर हे सगळं स्वतः करू शकतो. त्यासाठी तो डीएसडीचं (एसएसीडीवरच्या डिजिटल आवाजाची पद्धत) पीसीएममध्ये (साध्या सीडीची पद्धत) रूपांतर करतो. कट्टर लोकांना ते रुचत नाही, पण सबवूफर जागेवर आल्याचा फरक मला त्याहून कितीतरी मोठा वाटला.

दुसरा फायदा घड्याळाचा, म्हणजे डिजिटल आवाज कोणत्या गतीने वाजवायचा हे ठरवणाऱ्या यंत्रातल्या घड्याळाचा. ऑप्टिकलमध्ये ताल प्लेअर धरतो आणि रिसीव्हर त्याच्या मागे धावतो. आय-लिंकवर दोन्ही यंत्रांत दर-नियंत्रणाची सोय असेल तर हे उलटतं: रिसीव्हर आपल्या घड्याळाने वाजवतो आणि प्लेअरला 'हळू', 'लवकर' सांगत राहतो. पायोनियरने याला पीक्यूएलएस नाव दिलं होतं, सोनीने एचएटीएस. कल्पना देखणी आहे. डोळे मिटून फरक ओळखता येतो असा दावा मात्र मी करणार नाही.

या यंत्रांवर चित्र आय-लिंकने जात नाही, टीव्हीची वायर वेगळी लावावी लागते.

दोन्ही यंत्रांत एचडीएमआय असेल तर आधी मॅन्युअल चाळा. २००५ च्या एचडीएमआय १.२ पासून डीएसडी त्या वायरीतून जाऊ शकतं, आणि दोघांनाही ते येत असेल तर आय-लिंकच्या भानगडीत पडूच नका. नसेल तर क्रम असा: एकच वायर, रिसीव्हर आधी चालू, मग प्लेअर, प्लेअरच्या मेनूत आय-लिंक आउटपुट चालू, रिसीव्हरवर आय-लिंक इनपुट निवडून त्यात प्लेअर नेमून द्या. आधी सीडी वाजवा, मग एसएसीडी. सीडी वाजली आणि एसएसीडी गप्प राहिली तर वायरी बदलत बसू नका. सरळ सहा आरसीए जोडा, आणि प्लेअरच्याच मेनूत स्पीकरचा आकार व अंतर भरायची सोय आहे का ते शोधा.