वाचकांचे प्रश्न : रेषीय बैजिक गट शिकण्यापूर्वी भूमिती किती हवी?

प्रश्न : मी गणितात एम.एस्सी. करत असून दुसऱ्या वर्षी ‘रेषीय बैजिक गट’ (बहुपदी समीकरणांनी ठरणारे मॅट्रिक्सचे गट) हा विषय घेतला आहे. गट सिद्धांत आणि रेषीय बीजगणित यांची माझी तयारी चांगली आहे. परंतु दोन महिने उलटले तरी वर्गात व्हरायटी (बहुपदी समीकरणांच्या उकलींचे संच) आणि त्यांवरील झारिस्की टोपोलॉजीच चालू आहे. हा विषय सोडून आधी वर्षभर बैजिक भूमिती शिकावी का? ली गट (ज्यांवर कलनशास्त्र वापरता येते असे गट) मी थोडे वाचले आहेत. त्यांचा येथे कितपत उपयोग होईल?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : विषय सोडू नका. बैजिक भूमिती पुढे सविस्तर शिकावी लागेलच. पण ती या विषयात नेमकी कोठे कामाला येते, हे एकदा दिसले की ती शिकण्याचा हुरूप टिकतो, आणि ते दिसण्यासाठी एकच प्रमेय पुरेसे आहे.

स्विस गणिती आर्मां बोरेल यांच्या १९५६ मधील निबंधातून या विषयाला आजचे रूप आले. त्यांचे स्थिरबिंदू प्रमेय असे आहे : बैजिकदृष्ट्या संवृत क्षेत्रावरील (जेथे अचल नसलेल्या प्रत्येक बहुपदीला मूळ असते) कनेक्टेड (एकसंध) आणि सॉल्व्हेबल (आबेली टप्प्यांनी उलगडणारा) रेषीय बैजिक गट एखाद्या अरिक्त कंप्लीट (प्रक्षेपीय व्हरायटीप्रमाणे कोठेही बिंदू न सुटलेल्या) व्हरायटीवर क्रिया करत असेल, तर तिचा किमान एक बिंदू जागचा हलत नाही. आता सदिश अवकाशातील फ्लॅग, म्हणजे एकेका मितीने वाढत जाणाऱ्या उपअवकाशांच्या साखळ्या, घ्या. त्या सर्वांची मिळून कंप्लीट व्हरायटी होते. एक फ्लॅग जागच्या जागी राहतो, याचाच अर्थ योग्य आधार निवडल्यास गटातील सर्व मॅट्रिक्स एकाच वेळी त्रिकोणी होतात. ली–कोल्चिन प्रमेय ते हेच. ‘कनेक्टेड’ ही अट गाळून पाहा : तीन अक्षरांच्या क्रमपर्यायांचा गट सॉल्व्हेबल आहे, तरीही दोन मितींत त्याचे असे निरूपण आहे की ते त्रिकोणी होऊच शकत नाही. अशी प्रतिउदाहरणे स्वतः शोधण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

सोबत एक गणित हाताने करा. दोन घटकांच्या क्षेत्रावरील, निश्चयक शून्य नसलेल्या ३×३ मॅट्रिक्स १६८ आहेत. त्यांपैकी वरच्या त्रिकोणी ८. भागाकार २१, आणि तेवढेच फ्लॅग तेथे आहेत. कोणताही एक फ्लॅग ठरवून सर्व २१ फ्लॅगची त्याच्याशी असलेली सापेक्ष स्थिती तपासली, तर ते १, २, २, ४, ४ आणि ८ अशा सहा वर्गांत पडतात. तीन अक्षरांचे क्रमपर्यायही सहाच, आणि प्रत्येक वर्गाच्या संख्येतील दोनचा घातांक म्हणजे त्या क्रमपर्यायातील उलटलेल्या जोड्यांची संख्या. ब्रुहा विघटन म्हणून जे पुढे शिकवले जाईल ते हेच असून, त्याच्या मुळाशी आपण पदवीच्या वर्गात केलेल्या मॅट्रिक्सच्या ओळींवरील क्रियाच आहेत. हे मला या विषयातील सर्वांत सुंदर स्थळ वाटते.

ली गटांची ओळख फार उपयोगी पडेल, कारण टोरस (कर्णरूप करता येणारे उपगट), मूळ (‘रूट’, टोरसच्या क्रियेतून मिळणारे सदिश) आणि वाइल गट (त्या मुळांतील परावर्तनांचा गट) ही भाषा बहुतांशी तीच आहे. मात्र कॅरॅक्टरिस्टिक (क्षेत्रात १ किती वेळा मिळवल्यास शून्य येते ती संख्या; कधीच येत नसेल तर शून्य) शून्य नसेल तेथे ती सवय जपून वापरावी. कॅरॅक्टरिस्टिक २ च्या बैजिकदृष्ट्या संवृत क्षेत्रात शून्येतर घटकांच्या गुणाकार-गटावर वर्ग करण्याची क्रिया पाहा : ती एकास-एक आणि आच्छादक आहे, पण तिचे विकलज सर्वत्र शून्य आहे आणि तिची व्यस्त क्रिया बहुपदींनी लिहिता येत नाही. म्हणजे बिंदूंच्या पातळीवर दोष दिसत नाही, तरीही ती आयसोमॉर्फिझम नाही. तसेच कर्णावर १ आणि वरच्या कोपऱ्यात १ असलेली २×२ मॅट्रिक्स कॅरॅक्टरिस्टिक शून्य असताना कितीही घात केले तरी एकक होत नाही. कॅरॅक्टरिस्टिक ५ असेल तर मात्र पाचव्या घातालाच होते. ली बीजगणितावरून (एककापाशी असलेल्या गटाच्या स्पर्श-अवकाशावरून) गटाविषयी निष्कर्ष काढताना ही दोन उदाहरणे वहीच्या पहिल्या पानावर असू द्यावीत.

भागाकार-व्हरायटी (गटाला उपगटाने भागून मिळणारी व्हरायटी) अस्तित्वात असते आणि बोरेल उपगटाने (सर्वांत मोठ्या कनेक्टेड सॉल्व्हेबल संवृत उपगटाने) भागल्यास ती कंप्लीट असते, ही प्रमेये तूर्त गृहीत धरली तरी चालतील. ती धरून ‘कोणतेही दोन बोरेल उपगट परस्परांशी संयुग्मी असतात’ हे स्वतः सिद्ध करून पाहा : एका बोरेल उपगटाला दुसऱ्याच्या भागाकार-व्हरायटीवर क्रिया करू द्या आणि वरचे स्थिरबिंदू प्रमेय लावा. सिद्धता चार ओळींत पूर्ण होते.