घामाचा वास : सांगायचं कसं, घालवायचा कसा?

प्रश्न : आमच्या आठ जणांच्या टीममध्ये सव्वीस वर्षांचा एक मुलगा आहे. काम चोख, स्वभाव गरीब. बदलापूरहून लोकलने येतो, पीजीत राहतो. त्याच्या घामाचा वास इतका उग्र येतो, की एसीच्या बंद खोलीत शेजारी बसवत नाही. गेल्या आठवड्यात कुणीतरी त्याच्या टेबलावर डिओची बाटली ठेवली. त्याने ती गुपचूप ड्रॉवरमध्ये टाकली आणि तेव्हापासून तो डबा खायला आमच्यात येत नाही. टीम लीडर म्हणून बोलावं मलाच लागणार. काय बोलू?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : बाटली ठेवणाऱ्याने तुमचं काम अवघड करून ठेवलं आहे. अशा निनावी इशाऱ्याने माणसाला एवढंच कळतं, की आपल्यामागे चर्चा चालते. काय करायचं, ते कळत नाही. म्हणून आता इशारे बंद. एकाच माणसाने, एकदाच, समोर बसून सांगायचं.

वेळ संध्याकाळची, घरी निघायच्या सुमाराची घ्या. सकाळी सांगितलंत तर तो दिवसभर अंग चोरून बसेल. काचेची केबिन नको. व्हॉट्सॲप तर मुळीच नको. आधी कामाचं कौतुक आणि मग हळूच हा विषय, असंही करू नका. पुढे खरं कौतुक केलंत तरी त्याच्या पोटात गोळा येईल. सरळ म्हणा, ‘जरा खासगी बोलायचं आहे. तुझ्या कपड्यांना घामाचा वास येतो. आपला वास आपल्या नाकाला सवयीचा होतो, त्यामुळे तुला तो जाणवत नसेल. यावर उपाय आहेत. टेबलावर बाटली ठेवली गेली ते चुकीचं झालं, पुन्हा होणार नाही.’ एवढं बोलून थांबा आणि त्याला बोलू द्या. ‘सगळेच म्हणतात’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ‘आंघोळ करतोस ना?’ असं तर विचारूच नका. बहुतेक जण करतातच. त्याचं खाणं, गाव, जात, समाज यांचा उल्लेख कुणी गमतीनेही केला, तर तिथल्या तिथे थांबवा. वासाच्या नावाखाली आपल्याकडे माणसं दूर ठेवली गेली आहेत, आणि टीम लीडरने त्याला जागा देता कामा नये.

आता कारणाकडे. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या खास ग्रंथींचा दाट घाम त्वचेवरचे जिवाणू फोडतात, तेव्हा वास सुटतो. पण रोज आंघोळ करणाऱ्याच्या बाबतीत आधी शर्ट तपासावा. पॉलिएस्टर तेलकट घाम धरून ठेवतं, साध्या धुण्याने तो निघत नाही. पीजीत कपडे रात्रभर साबणाच्या पाण्यात पडून राहतात, मग खोलीतच दोरीवर वाळतात. पावसाळ्यात तर दोन दिवस ओलेच. त्यांचा कुबट वास घामात मिसळतो. खात्री करायची सोपी रीत आहे : धुतलेल्या शर्टाच्या काखेच्या भागावर गरम इस्त्री फिरवून लगेच वास घ्या. आंबूस वास आला, तर दोष धुण्यात आहे.

अशा शर्टांसाठी चार लिटर पाण्यात एक कप पांढरं व्हिनेगर घालून, शर्ट उलटे करून अर्धा तास भिजवायचे. मग काखेच्या जागी साबण चोळून धुवायचे आणि उन्हात किंवा पंख्याच्या थेट वाऱ्यात वाळवायचे. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, विषारी वायू निघतो. फॅब्रिक कंडिशनर काही दिवस बंद. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि वास आत अडकतो. दोन-तीनदा करूनही इस्त्रीखाली वास येत असेल, तर तो शर्ट ऑफिसातून बाद करावा.

डिओ वास झाकतो आणि थोडेफार जिवाणू मारतो, घाम थांबवत नाही. त्यासाठी अँटिपर्स्पिरंट लागतं. लेबलवर ‘ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट’सारखं नाव शोधावं. लोक ते सकाळी, ओल्या काखेवर लावतात आणि फरक पडत नाही म्हणून सोडून देतात. ते रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचं. रात्री घाम कमी येतो, त्यामुळे ते ग्रंथींच्या तोंडाशी नीट बसतं आणि सकाळच्या आंघोळीनेही त्याचा परिणाम जात नाही. दाढी केल्यासारखी काख ताजी साफ केली असेल, तर त्या रात्री लावू नये. एवढ्याने भागलं नाही, तर मुरुमांसाठी मिळणारा बेन्झॉइल पेरॉक्साइडचा अडीच टक्क्यांचा वॉश आंघोळीत काखेला लावून दोन मिनिटांनी धुवावा. रंगीत टॉवेल आणि बनियन त्याने पांढरे पडतात, म्हणून जुना पांढरा टॉवेल वापरावा. आंघोळीनंतर ओल्या काखेवर तुरटी फिरवण्याचा जुना उपायही चालतो, फक्त त्वचा सोललेली नसावी.

त्याला लोकलचा शर्ट वेगळा ठेवायला सांगा. ऑफिसात आल्यावर काखा ओल्या रुमालाने पुसून, कोरड्या करून दुसरा सुती शर्ट घालायचा. त्यासाठी तुम्ही एक लॉकर आणि पहिली दहा मिनिटं द्यायला हवीत, आणि ती हजेरीत कापली जाता कामा नयेत. मग तीन आठवडे विषय काढू नका.

एवढं करूनही घाम टपटपत असेल, किंवा वास अचानक बदलला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागल्याने किंवा नैराश्यावरच्या काही औषधांनीही घाम वाढतो. औषध मात्र मनाने बंद करू नये. श्वासाला फळासारखा गोड वास, खूप तहान आणि उलट्या असं एकत्र दिसलं, तर मधुमेह बिघडल्याची शक्यता धरून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं.

प्रश्न : मी जवळ गेले की सहकारी नाकाला हात लावतात, खिडकी उघडतात. मी दिवसातून तीनदा आंघोळ करते. आई आणि बहीण म्हणतात, काहीच वास येत नाही. मला पटत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा त्रास खरा आहे. ऑफिसातल्या एका विश्वासाच्या मैत्रिणीला एकदाच, स्पष्ट विचारा. तीही ‘नाही’ म्हणाली, तर पुन्हा पुन्हा विचारू नका. दर वेळी विचारल्याने शंका कमी न होता वाढत जाते. इतरांना तसं जाणवत नसताना आपल्या अंगाला वास येतो ही खात्री मनात घट्ट बसणं हा ओळखीचा मानसिक आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्वचेच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आंघोळ एकदा किंवा दोनदा पुरे. जास्त साबणाने त्वचा कोरडी पडून खाजते.

प्रश्न : शेजारचे काका टेबलाखाली बूट काढून बसतात. वास असह्य होतो.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘काका, बूट काढल्यावर वास येतो, जरा घालून बसाल का?’ एवढं हळू आवाजात विचारलं तरी चालेल, इथे मोठ्या बैठकीची गरज नाही. बुटाला वाळायला पूर्ण एक दिवस लागतो, म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरावेत. घरी गेल्यावर आतले सोल बाहेर काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. मोजे सुती आणि रोज धुतलेले. तळव्यावर बारीक खड्डे पडले असतील, तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो. पावडर मारून तो जात नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लावायच्या प्रतिजैविकाने बरा होतो.